शेतकऱ्याचे की शेतकऱ्यांचे?

नांदेडहून लातूरला निघालं की लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर अशी गावं लागतात. वाटेत जेवणाची हॉटेलं पुष्कळ. त्यांच्या पाट्यांवर एक शब्द हमखास ठळक रंगवलेला असतो, 'शुध्द शाकाहारी'. आधी ध, मग द. असा उच्चार करून बघा, जीभ अडखळते. मराठी माणूस बोलताना शुद्धच म्हणतो, आधी द, मग ध. पाटीवर मात्र शुद्ध हाच शब्द अशुद्ध होऊन बसतो. लातुरात सिद्धेश्वराची यात्रा भरली की कमानींवर 'सिध्देश्वर' येतो, बाजारपेठेत 'प्रसिध्द' मिठाई मिळते आणि बुद्धपौर्णिमेच्या शुभेच्छांमध्ये भगवंतांच्या नावाचीही तीच गत होते.

ही चूक का होते याचा शोध मी घेतला आहे. त, प, म, ध या अक्षरांना उभी दांडी असते. दांडी काढली की अक्षर अर्धं होतं. द ला दांडी नाही, म्हणून तो तसा अर्धा होत नाही. त्याच्या पोटाखाली ध लटकवून द्ध करावा लागतो. खिळ्यांच्या छापखान्यात त्यासाठी वेगळा खिळा असायचा. आता संगणकावर अक्षरं जुळवणाऱ्या पोराच्या हाताशी अर्धा ध तयार असतो आणि पूर्ण द ही तयार असतो, दोन्ही शेजारी ठेवले की काम झालं. डोळ्याला द दिसतो, ध दिसतो. आधी कोण आणि नंतर कोण हे कुणी बघत नाही. म्हणजे हा आळस नाही आणि अडाणीपणाही नाही. अक्षराच्या घडणीतच ती घसरण आहे.

मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आता नांदेड-लातूरच्या छापखान्यांची मुद्रितं तपासतो. चुकलेला शब्द दिसला की मला अजूनही त्रास होतो, जेवताना दाताखाली खडा आल्यासारखा. 'आशिर्वाद', 'भावपुर्ण', 'निमीत्त', 'हार्दीक', 'थुंकु नये'. पण या वयात एक गोष्ट मला लख्ख दिसायला लागली आहे आणि ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. आपला राग खरा आहे, पण तो चुकीच्या माणसावर निघतो. वडापावच्या गाड्यावरच्या पाटीचा फोटो काढून आपण चार ग्रुपांवर पाठवतो आणि हसतो. त्याच दिवशी आलेला कार्यालयाचा कागद, ज्यात आपलंच नाव चुकलेलं असतं, तो मुकाट्याने सही करून घेतो. चूक किती मोठी हे ठरवताना ऱ्हस्व-दीर्घ मोजण्याआधी एवढंच विचारलं पाहिजे, की या चुकीची किंमत कोण मोजणार आहे.

ऱ्हस्व-दीर्घापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त हसणं त्यावरून होतं.

आज आपण ज्याला शुद्धलेखन म्हणतो ते काही ज्ञानेश्वरांच्या काळापासून चालत आलेलं नाही. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम राज्य सरकारने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले आणि अठरा झाले. त्याआधी 'कांहीं', 'नाहीं', 'पांच', 'घरीं' असं लिहिणारा माणूस शुद्ध लिहीत होता. माझ्या आजोबांच्या वहीत अशी टिंबं पेरलेली आहेत. एका नियमाने ती सगळी गेली आणि आजोबांची वही एका रात्रीत अशुद्ध ठरली. त्याहीमागे जा. शेकडो वर्षं ज्या मोडीत आपले दस्त, हिशेब आणि पत्रं लिहिली गेली, त्या मोडीत ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई असा भेदच पाळला जात नव्हता. उ-ऊ चंही तेच. राज्यं चालली, तह झाले, जमिनी मोजल्या गेल्या, वेलांटीवाचून कुणाचं काही अडलं नाही. विरामचिन्हंसुद्धा आपल्याकडे उशिरा आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुजवली. हिंदीने वाक्याच्या शेवटी दंड ठेवला, आपण टिंब घेतलं.

आता नांदेडजवळच्या धरणाचं नाव घ्या. विष्णुपुरी. यात ष्णु ऱ्हस्व. पण देवाचं नाव सुटं लिहिलं की 'विष्णू', दीर्घ. कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द समासात पुढे आला की मूळचा ऱ्हस्व परत ठेवायचा. गुरू, पण गुरुवार. कवी, पण कविसंमेलन. शिवाय 'आणि' आणि 'नि' यांना या नियमातून सूट. मी हे वर्गात शिकवायचो तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "सर, पण ऐकू तर एकसारखंच येतं ना?" तिचं बरोबर होतं. कानाला हा फरक कळत नाही. तो कळायला संस्कृत यावं लागतं किंवा पाठांतर करावं लागतं. ज्या घरात तीन पिढ्या पुस्तकं आहेत तिथल्या मुलाच्या डोळ्याला 'विष्णुपुरी' सवयीने बरोबर दिसतं. ज्या घरात पहिलंच पोर शाळेत गेलंय त्याच्या वाट्याला लाल रेघ येते. मी अशा हजारो लाल रेघा मारल्या आहेत. नियम पाळावेत याच मताचा मी आजही आहे, माझ्या हातून जाणाऱ्या मुद्रितात 'विष्णूपुरी' राहू देत नाही. पण त्यावरून माणूस जोखणं मला आता अन्यायाचं वाटतं.

मराठवाड्यात तर जास्तच. इथे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. कचेरीत उर्दू, कोर्टात उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषाही उर्दू. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. पुण्या-मुंबईची माणसं दादोबा पांडुरंगांचं १८३६ चं व्याकरण हाती आल्यापासून मराठीच्या लेखनावर वाद घालत होती, त्या शंभर वर्षांत आमच्या आजोबा-पणजोबांना मराठी अर्ज करायला सरकारी खिडकीच नव्हती. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं १९५० मध्ये, लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये. एवढा उशीर झाला तर लिहिण्याची सवय मुरायला वेळ लागणारच.

आणि या सगळ्यात एक मोठी गल्लत होते. आमची बोली चूक धरली जाते. नांदेडचा पोरगा 'मी घरी जायलो' म्हणतो, उदगीरकडचा 'काय करलालास' विचारतो. पुण्याच्या वसतिगृहात अशा पोराला पहिल्या आठवड्यात हसून घेतात, तो वर्षभर तोंड उघडत नाही. मी नीट ऐकलंय आणि नीट तपासलंय. जायलो, जायली, जायलेत, खायलो, बघायलो, यायलो: क्रिया चालू आहे हे दाखवणारं हे रूप लिंग-वचनाप्रमाणे काटेकोर चालतं. 'मी जायलो' म्हणणारी मुलगी तुम्हाला सापडणार नाही, ती 'जायले'च म्हणेल. चुकीला इतकी शिस्त नसते. हे व्याकरणच आहे, फक्त पुस्तकात छापलेलं नाही. लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे यांनी १९७१ मध्ये 'पाचोळा' लिहिली, गंगाराम शिंप्याच्या बायकोच्या तोंडून. सबंध कादंबरी बोलीत, आणि त्या बोलीचे नियम लेखकाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाळले आहेत. बोलीला ढिसाळ समजणाऱ्यांनी ते पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचावं.

मग चूक कशाला म्हणायचं?

लातुरात गंजगोलाईच्या आसपास फ्लेक्सची दुकानं आहेत. गोलाई १९१७ ची, तिला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्यांतल्या प्रत्येक रस्त्याच्या तोंडावर कुणाचा तरी वाढदिवस, निवड किंवा पुण्यतिथी लटकत असते. त्यातल्या एका दुकानात मी अधूनमधून बसतो. तिथला पोरगा कामाला वाघ आहे. गिऱ्हाईक मोबाइलमधून मजकूर सांगतं, हा न बघता टाइप करतो, दहा मिनिटांत नमुना गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअॅपवर. गिऱ्हाईक तो नमुना दोन बोटांनी मोठा करून बघतं. काय बघतं? साहेबांचा फोटो मधोमध आहे का, आपला फोटो दुसऱ्याच्या फोटोपेक्षा लहान तर नाही ना, शुभेच्छुकांच्या यादीत आपलं नाव कितवं. अक्षर कुणी वाचत नाही. एकदा एका मोर्चाचा फलक निघत होता. वर मोठ्या अक्षरांत 'शेतकऱ्याचे कर्ज माफ झालेच पाहिजे'. मी म्हणालो, "अरे, एकाच शेतकऱ्याचं?" तो थांबला. पडद्याकडे बघितलं, हसला नाही. "टिंब राहिलं की सर." त्याने ऱ्या वर अनुस्वार दिला आणि मला म्हणाला, "एका टिंबात सगळे आले."

त्या दिवसापासून मी हे वाक्य सगळ्यांना सांगत असतो. 'शेतकऱ्याचे' म्हणजे एक माणूस, 'शेतकऱ्यांचे' म्हणजे मराठवाड्यातले सगळे. 'विद्यार्थ्याची गैरसोय' ही एका मुलाची अडचण, 'विद्यार्थ्यांची गैरसोय' झाली की ती वसतिगृहाची जबाबदारी. मराठीत सामान्यरूपाचं अनेकवचन बहुधा त्या एका टिंबावर उभं असतं. आदरही त्याच टिंबावर. 'सरपंचाचा सत्कार' आणि 'सरपंचांचा सत्कार' यांत गावाचा मान आहे. हे टिंब आणि 'कांहीं'वरचं टिंब एकसारखं दिसतं, पण दोघांचं काम वेगळं. 'कांहीं'चं गेलं, अर्थ जागेवर राहिला. 'शेतकऱ्यांचे'मधलं गेलं तर माणसं जातात. मी फरक करतो तो इथे. कानाला ऐकू न येणारी, अर्थाला धक्का न लावणारी चूक सुधारावी, पण तिच्यासाठी कुणाचा अपमान करू नये. अर्थ बदलणारी, माणसं वगळणारी चूक मात्र सोडू नये, ती कितीही लहान दिसो.

लग्नपत्रिका घ्या. नवरीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' लिहितात. कां. म्हणजे कांक्षिणी, सौभाग्याची इच्छा धरणारी. दहातल्या सात पत्रिकांवर 'का.' असतं. त्या 'का.'ला काही अर्थच नाही, लावायचं म्हणून लावलेलं अक्षर. मी छापखान्यात ते दुरुस्त करतो तेव्हा नवरीचा बाप म्हणतो, "राहू द्या हो सर, कोण बघतंय." मी राहू देत नाही. घरातली लेक एकदाच लग्नाला उभी राहते, तिच्या नावाआधी निरर्थक अक्षर का असावं?

फोनने यात भर घातली आहे. अनेकांच्या फोनमध्ये हिंदी कळफलक बसवलेला असतो. त्यावर ळ शोधावा लागतो, म्हणून 'मुळे' ऐवजी 'मुले' जातं. "पावसामुळे शाळा बंद" हा निरोप "पावसामुले शाळा बंद" असा मी स्वतः वाचला आहे. ऱ तर बहुतेकांना माहीतच नाही. र ला अर्धा करून य जोडला की 'शेतकर्यांना', 'दुसर्या', 'कोपर्यात' अशी रूपं तयार होतात, म्हणजे य च्या डोक्यावर रफार, सूर्यातल्यासारखा. 'कोपऱ्यात' हा शब्द तसा म्हणून बघा. मराठीचा तो अर्धा, डोळ्याच्या पापणीसारखा वळलेला र हिंदीला लागत नाही. आपल्याला मात्र दुसऱ्या, तिसऱ्या, वाऱ्यावर, ताऱ्यांना, पायऱ्यांवर अशा प्रत्येक ठिकाणी लागतो. कळफलक बनवणाऱ्यांनी तो आडबाजूला ठेवला आणि आम्ही तक्रारही केली नाही.

मार्च २०२२ मध्ये राज्याने दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती केली: पाटी मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान अक्षरांत नको. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. घाईघाईने पाट्या बदलल्या गेल्या. मला त्या कायद्याचा आनंद आहे, गावातल्या म्हाताऱ्या माणसाला दुकान कशाचं हे वाचता यायलाच पाहिजे. पण कायदा अक्षराची उंची मोजतो, अक्षर बरोबर आहे का हे बघत नाही. मग लातूरच्या ट्यूशन एरियात 'फिजीक्स', 'केमेस्ट्री' आणि 'बायोलाॅजी' फूट-फूट उंचीच्या अक्षरांत उभे राहतात. ज्या शहरात सगळ्या राज्यातून मुलं शिकायला येतात, जिथे एका मार्काने मेडिकलची जागा जाते म्हणून पोरं रात्र-रात्र जागतात, त्या शहराच्या भिंतींवर हे सगळं बिनधास्त चालतं. त्यातलं बरंच शिक्षण मराठी सोडूनच असतं, अकरावीला सायन्सला गेलेली किती तरी मुलं मराठीच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेतात. तो त्यांचा निर्णय. पण निदान पाटी लावणाऱ्याने पाटी वाचावी.

पाटीपेक्षाही मला घोर लागतो तो कागदाचा.

माझ्या वडिलांच्या नावाच्या शेवटी 'रंग' आहे. ते गेल्यावर वारस नोंदीसाठी सातबाराचा उतारा काढला तर त्यावर 'रग' होतं. टिंब नाही. मृत्यू दाखल्यावर 'रंग', आधारवर 'रंग', उताऱ्यावर 'रग'. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मामा, नाव जुळत नाही. हे वेगळे गृहस्थ असू शकतात." मी मराठीचा मास्तर, मी त्याला टिंबाचं महत्त्व काय सांगणार? त्याचं म्हणणं नियमाने बरोबरच होतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५५ कलमात लेखनप्रमाद दुरुस्तीची सोय आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, गावच्या दोघांचे जबाब, मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल, तहसीलचा आदेश, मग फेरफार. त्या एका टिंबासाठी मी अकरा महिने फिरलो. कुणी लाच मागितली नाही, कुणी उद्धट बोललं नाही. फक्त हाताने लिहिलेली नोंद संगणकात चढवताना कुणाच्या तरी बोटाखालून टिंब निसटलं होतं. मला पेन्शन आहे, वेळ आहे, लिहिता येतं. माझ्याच गावात अशाच एका वेलांटीमुळे पीक विम्याचे पैसे अडकलेली माणसं आहेत, त्यांची रोजची मजुरी त्या चकरांत बुडते.

आमच्याकडे या घोळाला जुनं मूळ आहे. मराठवाड्यातला जमिनीचा जुना कागद मोडीत किंवा उर्दूत. १९५०च्या दशकातलं खासरा पत्रक काढलं तरी त्यामागे उर्दूची छाया असते. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुतेक वेळा लिहीतच नाहीत, वाचणाऱ्याने समजून घ्यायचे. ळ आणि ण तर त्या लिपीत नाहीतच. मग कारकुनाने 'काळे' लिहिलं की कागदावर 'काले', आणि पुढच्या पिढीतल्या कारकुनाने ते मराठीत उतरवताना जसं दिसलं तसं. दोन पिढ्यांत एकाच माणसाची तीन नावं. यात कुणाचा दोष नाही, लिपी बदलली की असं होतं. पण त्यातून जो गुंता झाला तो सोडवायची पाळी नेहमी शेतकऱ्यावर येते, आणि पुरावाही त्यालाच द्यावा लागतो.

अक्षराच्या किमतीची याहून मोठी गोष्ट आमच्या जिल्ह्यांतल्या घराघरांत माहीत आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत 'धनगड' आहे आणि धनगर समाजाचं म्हणणं की तो 'धनगर'च, शेवटचं अक्षर चुकलंय. र आणि ड. या एका अक्षरावर आंदोलनं झाली, उपोषणं झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याबाबतच्या याचिका फेटाळल्या. कुणाची बाजू बरोबर हे ठरवण्याची ही जागा नव्हे. पण लातूर-नांदेडच्या माळावर मेंढरं घेऊन फिरणाऱ्या, कधी शाळेत न गेलेल्या माणसालासुद्धा र आणि ड मधलं अंतर माहीत आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शुद्धलेखन ही सुखवस्तू लोकांची हौस आहे असं जे म्हणतात त्यांनी त्याच्याशी बोलावं.

विरामचिन्हाचंही तसंच. फ्लेक्सवर चिन्हांचा पूर असतो, शुभेच्छांपुढे तीन टिंबं आणि चार उद्गारचिन्हं. ती कुणाला लागत नाहीत. जिथे एक पूर्णविराम हवा तिथे तो नसतो. एका खरेदी केंद्राच्या दारावर हाताने लिहिलेली सूचना मी वाचली: 'केंद्र चालू राहील सोमवारी बंद राहील मंगळवारी शेतकऱ्यांनी माल आणावा'. एकही चिन्ह नाही. केंद्र सोमवारी चालू की सोमवारी बंद? माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दोन शेतकऱ्यांनी त्याचे दोन अर्थ लावले आणि दोघांचेही अर्थ व्याकरणाने बरोबर होते. एकजण सोमवारी तूर घेऊन येणार होता, ट्रॅक्टरचं भाडं भरून. मी खिशातून पेन काढलं आणि आतल्या माणसाला विचारून 'चालू राहील'पुढे एक आणि 'बंद राहील'पुढे एक असं टिंब दिलं. सोमवारी बंद होतं. आतला माणूस रागावला नाही, उलट म्हणाला, "घाईत राहतंय साहेब." राहतं, हे खरं आहे. पण त्या घाईचं भाडं तूर आणणाऱ्याने भरायचं, हे मला मान्य नाही.

आता कुणी म्हणेल, लोकांना व्याकरण येत नाही म्हणून हे होतं. तसं नाही. नांदेड-लातूरच्या अभ्यासिकांमध्ये जा. पहाटे पाचपासून पोरं-पोरी मो. रा. वाळंब्यांचं पुस्तक घेऊन बसलेली असतात. तलाठी भरती, पोलीस भरती, दोन्हीकडे मराठी व्याकरणाचे प्रश्न असतात. त्यांना प्रयोग येतात, समास येतात, अलंकार येतात. चार पर्यायांतून शुद्ध शब्द ओळखायला सांगा, डोळे झाकून ओळखतील. पण मी त्यांतल्या काहींना अर्धं पान पत्र लिहायला सांगितलं होतं, पाण्याची टाकी दुरुस्त करा म्हणून नगरपालिकेला. पहिलं वाक्य सहा ओळींचं झालं आणि त्यात मागणीच नव्हती. त्यांचं काही चुकलं नाही. आम्ही व्याकरण गोल काळे करण्यासाठी शिकवतो. लिहिलेलं दुसऱ्या माणसाला कळलं पाहिजे हे आम्ही त्यांना सांगितलंच नाही. पीपल्स कॉलेजात मराठी शिकवणारे नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले होते. पण त्यांचा कुठलाही लेख उघडा, अवघडातला अवघड विचार असतो आणि वाक्य असं की पहिल्या वाचनात कर्ता कोण, कर्म काय, म्हणणं काय हे कळतं. मी मुलांना त्यांचा एखादा परिच्छेद उतरवून काढायला लावायचो. त्याचा उपयोग लाल रेघांपेक्षा जास्त झाला, असं मला आज वाटतं.

अरुण फडके यांनी 'शुद्धलेखन ठेवा खिशात' ही चिमुकली पुस्तिका काढली, यास्मिन शेख यांनी शंभरीपर्यंत मराठी शब्दाची काळजी वाहिली. अशा माणसांची पुस्तकं प्रत्येक कार्यालयात, जिथे नावं चढवली जातात त्या प्रत्येक संगणकाशेजारी असायला हवीत. माझी मागणी फार नाही. ज्या कागदावर शिक्का बसतो तो कागद, ज्याचं नाव त्यावर आहे त्याला, शिक्क्याआधी एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. वाचता येत नसलं तरी स्वतःचं नाव ऐकून ओळखता येतं. आणि चूक कार्यालयाची असेल तर चकरा कार्यालयाने माराव्यात.

मागच्या महिन्यात मी त्या फ्लेक्सच्या दुकानात बसलो होतो. दुपारची वेळ, बाहेर ऊन. एक मुलगा आला, अठरा-एकोणीस वर्षांचा, डोकं भादरलेलं. आज्जीच्या दहाव्याचा फलक करायचा होता. फोटो जुना, रेशन कार्डावरून मोबाइलने काढलेला. मजकूर त्याने फोनवर लिहून आणला होता, त्यात 'भावपुर्ण श्रध्दांजली' होतं, मी काही बोललो नाही, दुकानातल्या पोराने स्वतःच दोन्ही शब्द नीट केले. नमुना झाला. मुलाने फोन डोळ्यांजवळ नेला आणि फोटोकडे न बघता नावावर बोट ठेवलं.

"हे ल झालंय दादा. आज्जीच्या नावात ळ आहे."

"तूच ल पाठवलाय की."

"माझ्या फोनमध्ये सापडंना. आधारवर बी ल च आहे, बँकेत बी ल च आहे. पण गावात सगळे ळ च म्हणायचे तिला." तो थोडा थांबला. "हितं तरी बरोबर पायजे."

दुकानातल्या पोराने ल खोडला, ळ टाकला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. मुलाने नाव पुटपुटत एकदा वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि मग खिशातून पैसे काढले.